जिथं ती श्वास घ्यायची

बायको गेली की घर मुकं होतं म्हणतात. खोटं आहे ते. घरात आवाज लई असतात. फ्रीज घरघरतो, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतनं येतो, नळाला पाणी आलं की टाकीत हवा गुरगुरते. तिचा तेवढा नसतो. मी वर्षभर हेच ऐकत बसलो आणि त्यातनंच पुढचं सगळं झालं, म्हणून लिहितो. मला लिहायचं वळण नाही. चौथीतनं शाळा सुटली. टॉवेलच्या कारखान्यात मागावर जन्म गेला. तेव्हा जसं येईल तसं.

आमची ही गाणारी होती. म्हणजे स्टेजवर एकटी बसून गाणारी नव्हे. विद्यापीठाच्या गानवृंदात ती उभी राहायची. हा वृंद आधी एका कॉलेजचा होता. सोलापूरला वेगळं विद्यापीठ झालं तेव्हा तो तिकडं गेला. तेव्हा वृंद म्हातारा आणि विद्यापीठ लेकरू होतं. आमचं लग्न झालं तेव्हा ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. माझ्या आईनं तिला शिकू दिलं आणि गाऊही दिलं, एवढं आईचं चांगलं. बाकी आई अवघड होती.

ह्या वृंदाची एक रीत होती, ती आधी सांगतो. ती कळली नाही तर पुढचं काहीच कळायचं नाही. पदवीदानाच्या दिवशी वृंद एक जुनी प्रार्थना म्हणायचा. पेटी नाही, तबला नाही, मागं एक तंबोरा तेवढा. प्रार्थना सुरू झाली की शेवटपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. ज्या मास्तरांनी वृंद सुरू केला ते म्हणायचे, गाण्याला भोक पडता कामा नये. आता माणूस म्हटल्यावर श्वास तर घेणारच. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार दिलेला असायचा. एकीनं श्वास घेतला की दुसरीनं सूर धरून ठेवायचा. पुढं दुसरीनं घेतला की पहिलीनं धरायचा. कुणी कुठं श्वास घ्यायचा ती जागा ठरलेली. एकदा ठरली की जन्मभर तीच जागा आणि तीच जोडीण. पदवी मिळाली म्हणून कुणी वृंद सोडत नव्हतं. केस पांढरे झाले तरी जोडी आहे तोवर उभं राहायचं.

आणि जोडीतली एक गेली तर दुसरीनं पण उतरायचं. लग्न होऊन गेली, बदलीनं गेली, मरून गेली, काही असो. दुसरी जोडीण करायची नाही. कडक नियम होता. मला तो तेव्हा लई भारी वाटायचा.

आणखी एक. कुणाचा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. आला तर मास्तर गाणं थांबवायचे आणि म्हणायचे, कोण आहे ती? एकटीला गायचंय का? मग बाहेर कट्ट्यावर बसून गा, चार लोक पैसे टाकतील. आमची ही वृंदातल्या पहिल्या वर्षी दोनदा हे बोलणं खाऊन आली. घरी येऊन रडली. मग शिकली. इतकी शिकली की मास्तर गेल्यावर नव्या पोरींना तीच शिकवायला लागली.

तिची जोडीण म्हणजे अक्का. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, काटकीसारखी बारीक आणि तोंडानं तिखट. अक्काच्या घरचे माग चालायचे, त्यामुळं साधं बोलायचं तरी ती ओरडून बोलायची. गाताना मात्र लोण्यागत. दोघी पहिल्या दिवशी शेजारी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मला ती दाजी म्हणायची. अजून म्हणते.

घरी सराव करायला अक्का कुठली? मग तिच्या जागी मी. सकाळी ही भाकरी थापत प्रार्थना म्हणायची. शेवटून दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो आणि वरच लांबत राहतो. तिथं ही श्वास घ्यायची. जागा जवळ आली की पिठाचा हात माझ्याकडं करून म्हणायची, "अहो, धरा." मी चहाचा कप खाली ठेवायचो आणि आ करून सूर धरायचो. मला गाता येत नाही, पण एक सूर धरून ठेवायला काय लागतं? मागावर सूत तुटू नये म्हणून आयुष्यभर बघत आलोच होतो की. ती श्वास घेऊन परत सुरात आली की मी सोडायचो आणि कप उचलायचो. आमच्या आईनं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा म्हणाली, "दाताच्या डॉक्टरापुढं बसल्यागत काय आ वासलाय? हिनं वेड लावलं का तुला?"

अक्काची श्वासाची जागा त्याच्या पुढं होती, अगदी शेवटच्या ओळीत. तिथं ही सूर धरायची. तिथं मला काम नसायचं. मी चहा संपवून कप मोरीत ठेवायला उठलेलो असायचो.

इतकी वर्षं हे चाललं. मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस, सुया, पाय सुजणं. शेवटच्या पदवीदानाला तिनं खुर्चीत बसून म्हटलं, अक्का शेजारी उभी. त्यानंतरचं पदवीदान तिनं बघितलं नाही. आणि नियमाप्रमाणं अक्काही उतरली.

फोन आला तेव्हा मी दहीभात कालवत होतो. विद्यापीठातल्या संगीताच्या बाई होत्या. आमच्या हिनंच त्यांना वृंदाचं काम बघायला घेतलं होतं. म्हणाल्या, "काका, वृंदाचं पुढं काय करायचं त्याची बैठक आहे. वरून पुढच्या वर्षांचा आराखडा मागितलाय."

"मला कशाला?"

"काकूंच्या वतीनं. आणि एक विचारायचं होतं."

त्यांनी सांगितलं ते असं. वृंदात आता फक्त तीन पोरी उरल्यात. पण वृंद भरलेला असताना चांगले माइक लावून प्रार्थनेचं एकदा रेकॉर्डिंग केलेलं आहे. दर पदवीदानाला तेच वाजवायचं. पुढं पोरी साड्या नेसून उभ्या राहतील, ओठ हलवतील. वृंदाचं नाव राहील, परंपरा राहील. फक्त जुन्यांची आणि घरच्यांची परवानगी पाहिजे.

"आणि काका," त्या म्हणाल्या, "काकू त्यात आहेतच. काकूंचा आवाज कायम राहील."

ह्या एवढ्यावर मी हो म्हणून टाकलं. भात तसाच राहिला. आमच्याकडं तिचा आवाज म्हणून काय होतं? मोबाइलमध्ये एक व्हिडिओ. नातीच्या वाढदिवसाचा. त्यात ही पदर तोंडाला लावून "बंद कर ते" एवढंच म्हणते. तेवढंच मी वर्षभर लावत होतो. बंद कर ते, बंद कर ते. सून एकदा पुण्याहून आली होती तर ती म्हणाली, बाबा, बास करा आता. आणि हितं ही बाई मला म्हणत होती की दरवर्षी, भरल्या मांडवात, मोठ्या स्पीकरवर ती गाईल. मी काय नाही म्हणणार होतो?

बैठकीच्या दिवशी दाढी केली. शर्टाला स्वतः इस्त्री केली, कॉलरला चट्टा पडला. सात रस्त्याच्या चौकात अक्का उभीच होती. दोघं रिक्षात बसलो. रिक्षा हायवेला लागेपर्यंत ती गप्प. गप्प अक्का म्हणजे वाईट.

"दाजी, तुमी हो म्हणलात म्हणं?"

"म्हणलो."

"मला इचारलं न्हाय."

"तुला काय विचारायचं? बायको माझी."

"जोडीण माझी." तिनं रिक्षाच्या बाहेर बघत म्हटलं. "तुमच्याकडं रात्री झोपाय यायची ती. श्वास माझ्यासंगं घ्यायची."

रिक्षावाला आरशातनं बघायला लागला. मी म्हणालो, "तू पुढं बघ बाबा."

खोलीत लांब टेबल होतं, चहा होता, बिस्किटं होती. संगीताच्या बाई, ऑफिसातले एक साहेब आणि त्या तीन पोरी. दोन पोरी सोलापुरातल्या, एकमेकींच्या जोडिणी. त्यातल्या एकीचे वडील बॅगा विकतात. ती आली की आधी अक्काला सलाम करायची, मग पाया पण पडायची. तिसरी सांगोल्याकडची, हॉस्टेलवर राहणारी. तिची जोडीण उन्हाळ्यात लग्न होऊन गेली होती. नियमानं तिनंही उतरायला पाहिजे होतं. पण ती येत होती. कोपऱ्यात बसून ऐकायची म्हणे. तिला कुणी गा म्हणायचं नाही आणि जा पण म्हणायचं नाही.

बाईंनी सरळ सांगितलं. वाईट बाई नाही ती, मी उगीच दोष देणार नाही. म्हणाल्या, "काका, पोरं येत नाहीत. बाहेरगावच्यांची संध्याकाळची गाडी असते. परीक्षा संपली की परीक्षा. युवक महोत्सवाला नाचायला पोरं मिळतात, चषक मिळतो, फोटो येतो. हितं वर्षभर शिकायचं आणि वर्षातनं एकदा उभं राहायचं, तेही आपला आवाज कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. कोण येईल? आणि आलं तर जोडी लागते. एक गेलं की दोघं जातात. हा वृंद घटतच जायचा होता. आम्ही फक्त शेवटी आहोत."

साहेब म्हणाले, "रेकॉर्डिंग बेस्ट. कॉलेजं सगळी तेच करतात. राष्ट्रगीतसुद्धा लावतातच की."

अक्का म्हणाली, "मग पदव्या पण रेकॉर्डिंगवर द्या की."

पोरी हसल्या. साहेब नाही हसले.

मी म्हणालो, "आधी ऐकवा तर खरं." मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. आराखडा, परंपरा, साहेब, सगळं खड्ड्यात गेलं असतं तरी चाललं असतं. मी त्या आवाजासाठी दाढी करून आलो होतो.

बाईंनी कंप्युटर जोडला. आधी तंबोरा. मग प्रार्थना. खोलीभर आवाज भरला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण मी कान लावून होतो. ह्यात आमची कुठंय? मी एकेक आवाज वेगळा करायला बघत होतो आणि होत नव्हता. सगळ्या बायका मिळून एक बाई गात होती. ती कुणीच नव्हती. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मी मनात म्हणत होतो, एकदा पुढं ये. एकदा चूक. मास्तर मेलेत आता, कोण बोलतंय तुला?

मग शेवटून दुसरी ओळ आली. सूर वर चढला, वर लांबला, आणि तिथं मला ती सापडली. त्या जागेला बाकीचा आवाज जरा बारीक होतो आणि एक आवाज वर राहतो. तो मला एकदम ओळखीचा वाटला. ती जागा, तो सूर, तेवढीच लांबी. मी रोज सकाळी ऐकलेला. माझ्या पोटातनं आला तो.

मी उठून उभा राहिलो. "हीच!" म्हणालो. "हीच ती. ऐका. ही आमची."

बाईंनी गाणं थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, परत लावा. त्यांनी मागं नेऊन परत लावलं. मी स्पीकरपाशी जाऊन उभा राहिलो. पोरींना बोटानं दाखवत होतो, ही बघा, ही बघा. मी रडत होतो आणि मला त्याची लाज नव्हती.

अक्का जागची हलली नाही. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दाजी."

"ऐक की तू पण."

"दाजी, ती मी हाय."

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय ते.

"तितं ती श्वास घेतीय. तितं ती न्हाय. मी धरून हाय म्हणून माझा आवाज वर येतोय." हे ती हळू बोलली. अक्काला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "तुमी घरी माझ्याबदली धरायचा न्हवं? त्योच सूर तुमच्या ध्यानात हाय."

मी तसाच उभा. खोलीतली माणसं कुठं बघावं म्हणून टेबलाकडं बघत होती. साहेबांनी बिस्किटाचा तुकडा हातात धरला होता, तो खाली ठेवावा की खावा हे त्यांना कळेना.

जन्मभर शेजारी झोपलेली बाई, आणि तिचा आवाज मला ओळखता आला नाही. मी ओळखला तो तिच्या जोडिणीचा. त्यातही जो ओळखीचा वाटला तो खरा माझाच, माझी जागा. तिची नव्हेच. ती जिथं गात होती तिथं मला ती ऐकू आली नाही. ऐकू येऊ नये असंच ती शिकली होती, आणि दुसऱ्यांनाही तेच शिकवून गेली. लई चांगली शिकली.

मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "वाजवू नका."

बाई म्हणाल्या, "काका, आत्ता नका ठरवू."

"आत्ताच ठरवतो. वाजवायचं नाही. मला त्यात ती सापडत नाही. जी सापडत नाही तिला दरवर्षी लावून मी काय करू? आणि ह्या पोरींनी पुढं उभं राहून तोंडं हलवायची? मेलेल्यांनी गायचं आणि जिवंतांनी तोंडं हलवायची. शोभतं का?"

तेव्हा ती सांगोल्याची पोरगी बोलली. मान खाली घालून, पण बोलली. "आमाला खरंच गायचंय की. तोंडं हलवायची न्हायत."

साहेब म्हणाले, "तीन जणींचा वृंद होत नाही बाळा. दोन जोड्या तरी पाहिजेत."

आणि मला ते दिसलं. सगळ्यांना दिसलं असणार, बोलत कुणी नव्हतं. जोडीण गेलेली एक पोरगी कोपऱ्यात आणि जोडीण गेलेली अक्का माझ्या शेजारी. दोन जोड्या होत होत्या. तिथल्या तिथं. मी आडपडदा ठेवणारा माणूस नाही. मी म्हणालो, "अक्का, तू हिच्यासंगं उभी राहा."

अक्कानं चहाचा कप लांब सरकवला.

"अगं उभी राहा की. तू आहेस तोवर पोरी शिकतील. मग त्या दुसऱ्यांना शिकवतील. वृंद राहील. नियम मास्तरांनी केला, मास्तर गेले. तुला कोण पकडायला येतंय?"

"दाजी, गप बसा."

"का गप बसू? पोरगी कोपऱ्यात बसून झुरतीय. तुझा दम शाबूत आहे. तू अडवलंयस सगळं."

ती माझ्याकडं वळली. "तुमी केली का दुसरी?"

"काय?"

"बायको. वरीस होत आलं. एकटं जेवताय, भात करपवताय. केली का दुसरी?"

मी कॉलरवरचा चट्टा चोळत बसलो.

"मग मला सांगू नका," ती म्हणाली. मग त्या पोरीकडं बघून म्हणाली, "बाळा, तुझ्यावर राग न्हाय. तू श्वास घेशील तवा मी सूर धरीन. धरता येतंय मला. पण मी श्वास घेईन तवा मी तिचाच ऐकत बसीन. तुझा ऐकू येणार न्हाय मला. मग सूर तुटल. आन तो तुटला म्हणून तू सोताला दोष देत बसशील." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला न्हाय जमायचं."

पोरगी "व्हय अक्का" म्हणाली. एवढंच. मला तिच्या त्या व्हयचा लई राग आला. भांडायला पाहिजे होतं तिनं. पण पोरी ऐकून घेतात.

साहेबांनी बाईंना विचारलं, "मग आराखड्यात काय घालायचं?" बाईंनी लॅपटॉप बंद केला आणि म्हणाल्या, "बघते." त्या "बघते"मध्येच वृंद संपला. कुणी जाहीर केलं नाही. परत येताना एकाच रिक्षात बसलो, पण अक्का ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

पदवीदान झालं. मी गेलो नव्हतो, बाईंनी फोन करून सांगितलं. बासरीची कसली तरी धून लावली होती म्हणे, छान झालं म्हणे, कुणी काही विचारलं नाही. कुणी काही विचारलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सरावाच्या खोलीत आता परीक्षेचं सामान ठेवतात. तंबोरा बाईंनी घरी नेला. त्या दोन पोरी महोत्सवाच्या गाण्यात गेल्या, तिथं त्यांना माइक मिळतो. सांगोल्याच्या पोरीचं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, ती येत नाही आता.

माझ्या पोराला मी फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही हो म्हणाला असता तर निदान रेकॉर्डिंग तरी वाजलं असतं. आईचं काहीतरी राहिलं असतं." त्याला मी समजावत बसलो नाही. ज्याला रोज रात्री बायको जेवायला वाढते त्याला हे समजत नाही, आणि समजूही नये.

वर्षश्राद्धाला पोरगा, सून, नात आली. दुसऱ्या दिवशी गेली. अक्का गर्दीत आली नाही. ती सगळे गेल्यावर आली, दुपारी, डब्यात शेंगाची पोळी घेऊन. बैठकीनंतर आमचं बोलणं नव्हतं. ती थेट स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली, आणि हिचा परात ठेवायचा कोनाडा बघत राहिली. परात सुनेनं वर कुठंतरी ठेवली होती.

"हितं म्हणायची?" तिनं विचारलं.

"हितंच. आणि मी तिथं, त्या पाटावर."

"बसा."

मी बसलो. गुडघे वाजले. मी म्हणालो, "तू म्हणतेस का?"

"वृंदात न्हाय म्हणणार कदी. हितं म्हणते. एकदा."

ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि प्रार्थना सुरू केली. म्हातारा आवाज, पण लोण्यागतच. शेजारचे माग चालूच होते. मी भिंतीला टेकलो. ओळी जात होत्या. मी हिच्या हातांना लागलेलं पीठ बघायला बघत होतो आणि अक्काची पाठच दिसत होती. शेवटून दुसरी ओळ आली. सूर वर चढला. आणि मला कुणी "धरा" म्हटलं नाही तरी माझं तोंड उघडलं. मी धरला. कारखान्यातली रुई छातीत बसलीय, आवाज खरखरीत आला, पण धरला.

पण अक्का थांबली नव्हती. ती तिथं थांबतच नाही. तिची जागाच नव्हे ती. ती पण तोच सूर धरून होती. आम्ही दोघं एकाच जागेला धरून होतो, जिथं आमची ही श्वास घ्यायची. दोघं दोन बाजूंनी, आणि मधे कुणी श्वास घेत नव्हतं. मी बराच वेळ सोडलं नाही. मग खोकला आला आणि सुटलं.

अक्का पुढं गेली. शेवटची ओळ आली. तिची श्वासाची जागा आली. तिनं श्वास घेतला.

तिथं हिनं धरायचं होतं. मला तो सूर येत नव्हता. कधी शिकलोच नाही. त्या जागेला मी कप ठेवायला उठलेलो असायचो.

भोक पडलं. मोठं नव्हतं, एका श्वासाएवढं. त्यातनं शेजारच्या मागांचा आवाज आत आला. अक्कानं परत सुरू केलं नाही. ती ओट्याला धरून तशीच उभी राहिली, आणि मग शेवटची ओळ तशीच अर्धी सोडून डबा उघडायला लागली. म्हणाली, "तूप हाय का घरात?"